‘९५ टक्के काम पूर्ण’ म्हणजे नक्की किती? मोठ्या कामाची फोड कशी करतात

रस्ता असो, पूल असो की मेट्रो, बातमी ठरलेली असते : ‘९५ टक्के काम पूर्ण, उर्वरित लवकरच.’ सहा महिन्यांनी तोच आकडा ९७ होतो. वाचणारा वैतागतो, कारण ज्या वेगानं पहिले ९५ टक्के झाले त्या वेगानं उरलेले ५ टक्के कधीच उरकायला हवे होते. म्हणजे कंत्राटदार झोपा काढतोय किंवा साहेब थापा मारतायत, असा निष्कर्ष निघतो. कधी कधी तो बरोबरही असतो. पण पुष्कळदा घोळ आधीच झालेला असतो : ९५ टक्के कशाचे, हेच कुणी ठरवलेलं नसतं.

समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, लांबी ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. मे २०२३ मध्ये त्यापुढचे भरवीरपर्यंतचे ८० किलोमीटर आणि मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंतचे आणखी २५. बेरीज ६२५. किलोमीटरच्या हिशेबानं ८९ टक्के काम झालं. उरलेले ७६ किलोमीटर, म्हणजे ११ टक्के, खुले व्हायला जून २०२५ उजाडलं. सव्वा वर्ष! कारण हे ७६ किलोमीटर सह्याद्रीतून उतरतात. इगतपुरीजवळचा सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा त्यांतच आहे आणि दऱ्यांवरचे उंच पूलही त्यांतच आहेत. विदर्भातल्या सपाट जमिनीवरचा एक किलोमीटर आणि कसाऱ्याच्या डोंगरातला एक किलोमीटर यांना सारखं वजन दिलं, की टक्केवारी खोटी न बोलताही फसवते.

‘कशाचे टक्के’ हे काम सुरू होण्याआधीच ठरवून टाकणारं एक साधन आहे. त्याला वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर म्हणतात, ऑफिसांत नुसतं डब्ल्यूबीएस. नाव भारदस्त असलं तरी ती आहे कामाची पद्धतशीर फोड. सगळ्यात वर एक चौकोन : पूर्ण काम. त्याखाली त्याचे मोठे भाग, त्यांच्याखाली त्या भागांचे भाग. एका माणसाच्या हाती सोपवता येईल आणि ‘झालं की नाही’ याचं सरळ उत्तर देता येईल इतका तुकडा मिळेपर्यंत असंच खाली उतरत जायचं. सगळ्यात खालच्या या तुकड्याला वर्क पॅकेज म्हणतात. पुढे मी त्याला ‘तुकडा’च म्हणेन, कारण बातम्यांतलं ‘पॅकेज’ वेगळं असतं. समृद्धीची १६ पॅकेजेस होती, ती कंत्राटांची वाटणी होती आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या पोटात शेकडो तुकडे होते.

मंडळाचा गणपती घेऊन बघू

महामार्ग कुणी घरी बांधत नाही, पण सार्वजनिक गणपती जवळून पाहिलेला नाही असा मराठी माणूस विरळा. जून-जुलैत मंडळाची पहिली बैठक होते. अध्यक्ष विचारतात, ‘काय काय करायचंय?’ आणि एकाच वेळी दहा जण बोलू लागतात. मूर्ती सांगायची, ढोल-ताशा पथकाला ॲडव्हान्स द्यायचा, गेल्या वर्षीच्या टी-शर्टचा रंग उडाला, वर्गणीची पावतीपुस्तकं छापायची, त्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला यंदा कोण भेटणार. तासाभरात तीसेक कामांची यादी होते. प्रत्येकाला जे आठवलं ते तिच्यात असतं. जे कुणालाच आठवलं नाही, ते अर्थातच नसतं.

फोड करताना यादीपासून सुरुवात करत नाहीत. वर लिहायचं ‘यंदाचा गणेशोत्सव’ आणि विचारायचं : हा उत्सव कोणकोणत्या मोठ्या गोष्टी मिळून होतो? मूर्ती. मांडव. देखावा. परवानग्या. पैसा. रोजचे कार्यक्रम आणि प्रसाद. विसर्जन. उत्सवानंतरची आवराआवर आणि हिशेब. बस, दुसरी पातळी झाली. आता एकेक घेऊन खाली उतरायचं. ‘परवानग्या’ उघडलं की महापालिकेचा मांडव परवाना, पोलीस, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल समोर येतात. ‘पैसा’ उघडलं की वर्गणी, जाहिरातींच्या कमानी आणि खर्चाचा हिशेब. वर्गणीखाली आणखी एक तुकडा असतो आणि तो नव्या मंडळांच्या ध्यानात सहसा नसतो : मंडळाची कायमची नोंदणी नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते.

यादी आणि फोड यांत हाच फरक. यादी आठवणीवर चालते. फोड प्रत्येक चौकोनापाशी थांबवून विचारते, ‘एवढं झालं की हा चौकोन पुरा होतो का?’ उत्तर ‘नाही’ आलं, की काहीतरी राहिलंय. माझ्या मते या साधनाची निम्मी किंमत या एका प्रश्नात आहे. बाकीच्या गोष्टी कंपन्यांना सॉफ्टवेअर विकायला उपयोगी पडतात.

शंभर टक्क्यांचा नियम

या प्रश्नाला व्यवसायात ‘शंभर टक्क्यांचा नियम’ म्हणतात. खालच्या चौकोनांची बेरीज वरच्या चौकोनाएवढीच भरली पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही.

कमी पडलं तर काय होतं ते ‘मांडव’ या चौकोनात बघा. सांगाडा, पत्रे, स्टेज, वीज, आगीचे सिलिंडर इथपर्यंत सगळे येतात. मांडव उतरवणंही कुणाला तरी आठवतं. बांबूंसाठी खणलेले खड्डे बुजवणं मात्र हमखास राहतं, कारण तोवर विसर्जन होऊन पोरं झोपलेली असतात. मुंबईत महापालिका दर खड्ड्यामागे दंड लावते. २०२५ मध्ये हा दंड २ हजारांवरून १५ हजारांवर नेला गेला, मंडळांनी ओरड केली आणि तो पुन्हा खाली आला. ओरड रास्त होती की नाही हा वेगळा विषय, पण ‘खड्डे बुजवलेला रस्ता’ असा चौकोन पहिल्याच दिवशी काढून त्यापुढे एक नाव लिहिलेलं असतं तर दंडाच्या रकमेशी मंडळाला घेणंदेणं उरलं नसतं.

जास्त झालं तर? एकच काम दोन ठिकाणी येतं. वीज मांडवाखालीही लिहिली आणि देखाव्याखालीही. मांडववाल्याला वाटतं तात्पुरत्या मीटरचा अर्ज देखाव्याची टीम करेल, देखाव्याच्या टीमला वाटतं तो मांडववाल्याचा विषय. दोघंही अर्ज करतील अशी भीती बाळगू नका. व्यवहारात कुणीच करत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीला फोडीत एकच घर द्यायचं. कुठलं, यावर वाद घालत बसण्यात फारसा अर्थ नाही.

काम लिहायचं की वस्तू?

नवशिक्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. चौकोनात ते लिहितात ‘मूर्तिकाराशी बोलणे’, ‘पथकाला फोन करणे’, ‘परवानगीसाठी पाठपुरावा’. ही धडपड झाली. पाठपुरावा कधी संपतो? कधीच नाही. चौकोनात हाती येणारी गोष्ट लिहायची : मांडवात पोचलेली मूर्ती, शिक्का मारलेला परवाना, दाब तपासलेले सिलिंडर. जे दाखवता येतं, मोजता येतं किंवा सही करून ताब्यात घेता येतं, तेच चौकोनात. फोन करणं, भेटणं, चहा पाजणं हे त्या तुकड्याचा मालक त्याच्या वहीत लिहील.

दुसरी गफलत माणसांनुसार फोड करण्याची : अध्यक्षांची कामं, सचिवांची कामं, खजिनदारांची कामं. दिसायला सोयीचं, पण विसर्जन यांतलं कुणाचं? तिघांचंही, म्हणजे कुणाचंच नाही. आधी काम फोडायचं आणि नंतर नावं टाकायची.

आणि फोड म्हणजे वेळापत्रक नव्हे. मूर्तीचा चौकोन मांडवाच्या डावीकडे काढला म्हणून मूर्ती आधी येणार असं नसतं. आधी-नंतरचा हिशेब फोड पूर्ण झाल्यावर करायचा. लोक नेमकं उलटं करतात : पहिल्या दिवशी तारखा टाकतात आणि मग त्या तारखांत न बसणारी कामं विसरून जातात.

किती खोल जायचं?

पुस्तकी उत्तर असं की एक तुकडा साधारण ८ ते ८० तासांच्या कामाचा असावा. एका दिवसापेक्षा लहान नको, दोन आठवड्यांपेक्षा मोठा नको. मंडळाला हे जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि पडायलाही नको. माझी कसोटी सोपी आहे. बैठकीत एका माणसाकडे बघून ‘हे झालं का?’ विचारलं आणि उत्तरात ‘तसं झालंय, पण...’ आलं, तर तुकडा मोठा आहे, आणखी फोडा. उलट, आगीच्या सिलिंडरखाली ‘सिलिंडर अडकवायचा खिळा’ असा चौकोन निघू लागला तर थांबा. मंडळाला तीन पातळ्या पुरतात. मेट्रोला सहा-सात लागतील.

प्रत्येक तुकड्याला १.२.३ असा क्रमांक देतात आणि सोबत चार ओळींची टीप ठेवतात : यात काय येतं, काय येत नाही, जबाबदारी कुणाची, पूर्ण झालं हे कशावरून ओळखायचं. यातलं ‘काय येत नाही’ लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो. पण डेकोरेटरशी होणारी भांडणं याच ओळीवरून होतात. स्टेजवरचा गालिचा भाड्यात धरला होता की नव्हता?

हे आलं कुठून?

पाणबुडीतून. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी नौदल पाण्याखालून डागता येणारं पोलॅरिस क्षेपणास्त्र बनवत होतं. पाणबुडी, क्षेपणास्त्र, दिशादर्शन, सगळंच नवं आणि शेकडो कंत्राटदारांत वाटलेलं. कोण कुठवर आलाय हे एका जागी दिसावं म्हणून नियोजनाच्या नव्या पद्धती बसवल्या गेल्या. जुलै १९६० मध्ये पाण्याखालून पहिलं पोलॅरिस यशस्वीपणे उडालं. १९६२ मध्ये अमेरिकी संरक्षण खातं आणि नासा यांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत कामाची अशी फोड पद्धत म्हणून मांडली आणि १९६८ मध्ये लष्करानं तिच्यासाठी स्वतंत्र मानकच काढलं. विमान असो वा जहाज, फोडीच्या वरच्या तीन पातळ्या कशा असाव्यात हे त्यात ठरवून दिलं होतं. ते मानक सुधारित रूपात आजही चालू आहे. पुढे बांधकाम आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी पद्धत उचलली आणि ती प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षांत जाऊन बसली.

‘म्हणजे शेवटी कागदी घोडेच ना?’

ही शंका पोलॅरिसलाही चिकटलेली आहे. त्या प्रकल्पाच्या यशाचं श्रेय बरीच वर्षं नियोजनाच्या रंगीत तक्त्यांना दिलं गेलं. पुढे अभ्यासकांनी दाखवलं की त्या तक्त्यांचा मोठा उपयोग बाहेरच्यांवर छाप पाडायला आणि वरिष्ठांनी लुडबूड करू नये यासाठी झाला. तज्ज्ञ मंडळी आपलं काम आपल्या पद्धतीनं करत राहिली.

तेव्हा हो, फोड कागदी घोडा होऊ शकते. प्रकल्प मिळवताना कन्सल्टंटकडून बनवून घेतली, छान छापली, कपाटात ठेवली, की झाला घोडा. ती उपयोगी पडायची तर प्रत्यक्ष काम करणारे ती बनवताना हजर पाहिजेत. मंडळाच्या बैठकीला डेकोरेटर आणि वायरमनला बोलावून बघा. पदाधिकाऱ्यांना न सुचलेले पाच चौकोन ते चहा संपायच्या आत सांगतील. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. चिकटणाऱ्या चिठ्ठ्या आणि एक मोकळी भिंत पुरते, कारण पहिल्या दिवशी चौकोन सारखे जागा बदलतात.

आणि तीन माणसांचं दोन दिवसांचं काम असेल तर हे काहीही करू नका. डोक्यात मावणारं काम डोक्यातच ठेवावं.

‘तुकडे केले, पण सांधे कोण बघणार?’

सगळ्यात गंभीर आक्षेप हा. काम फोडलं की प्रत्येक जण आपापला चौकोन सांभाळतो, आणि घात होतो तो दोन चौकोनांच्या मध्ये. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी पोचलं आणि नष्ट झालं. कंत्राटदार कंपनीचं जमिनीवरचं सॉफ्टवेअर यानाच्या छोट्या धक्क्यांचे आकडे पाउंडांच्या मापात देत होतं, तर मार्गाचं गणित करणारी टीम ते न्यूटनच्या मापातले समजत होती. आकडे होते, गणितही होतं. मापं जुळतात का हे बघायचं काम कुणाच्या हातून झालं नाही.

यावरचा उपाय फोडीतच आहे. सांध्यालाही चौकोन द्यायचा. अमेरिकी लष्कराच्या मानकात जोडणी आणि चाचणी हे स्वतंत्र घटक म्हणून येतात, ‘होईलच ते’ म्हणून सोडलेले नाहीत.

मुंबईची मेट्रो ३ हे याचं आपल्याकडचं उदाहरण. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, स्थापत्यकामाची ७ पॅकेजेस, जमिनीखाली भुयार खणणारी १७ यंत्रं (टीबीएम). भुयारं खणणं २०२२ च्या अखेरीस संपलं. ‘मेट्रोचं भुयारीकरण १०० टक्के’ ही बातमी तेव्हा खरी होती. पण आरे–बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये धावला आणि कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या काळात रूळ, वीज, सिग्नल, सरकते जिने, वायुवीजन, गाड्यांच्या चाचण्या आणि मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र हे सगळं होतं. शेवटचे हे चौकोन फोटोत दिसत नाहीत, म्हणून सामान्य माणसाला काम ठप्प झाल्यासारखं वाटतं. आणि कारशेड? एकूण कामात ते लहान दिसतं, पण गाड्या उभ्या करायला आणि दुरुस्त करायला जागाच नसेल तर तयार भुयारातून काहीही धावणार नाही. आरे की कांजूरमार्ग, हा वाद २०१९ ते २०२२ चालला. कारशेड कुठे असावं हे फोड सांगत नाही, तो राजकारणाचा आणि पर्यावरणाचा प्रश्न. ते अडलं तर काय काय अडेल एवढं मात्र ती पहिल्या दिवसापासून दाखवते.

मग टक्के मोजायचे कसे?

प्रत्येक तुकड्याला आधीच वजन द्यायचं, साधारण त्याच्या खर्चाएवढं. मग तुकडा पूर्ण होऊन ताब्यात आला की त्याचं पूर्ण वजन मोजायचं आणि त्याआधी शून्य. ‘अर्धा झालाय’, ‘जवळपास झालाय’ याला हिशेबात जागा नाही. हा शून्य किंवा शंभरचा कडक नियम, काही ठिकाणी सुरू करताना अर्धं आणि संपल्यावर उरलेलं अर्धं मोजतात. तुकडे लहान असतील तर कडक नियमानंही चित्र फार बिघडत नाही. मोठ्या तुकड्यांवर तो लावला तर महिनोन्‌महिने शून्य दिसेल आणि मंत्री चिडतील.

तेव्हा पुढच्या वेळी ‘९५ टक्के’ वाचलंत की विचारा : लांबीचे, खर्चाचे की तुकड्यांचे? भूसंपादन त्या शंभरात धरलंय का? कंत्राटदाराच्या टक्केवारीत ते बहुधा नसतं, कारण ते त्याचं कामच नाही. २०११ पासून रखडलेल्या मुंबई–गोवा महामार्गावर सिंधुदुर्गातले भाग कधीच पूर्ण झाले होते आणि रत्नागिरीतले अडून होते. कणकवलीच्या माणसाला आणि संगमेश्वरच्या माणसाला एकच सरासरी टक्केवारी सांगून दोघांच्याही हाती काही लागत नाही.

‘आमच्याकडे अजाइल चालतं, आम्हाला हे कशाला?’

हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हा प्रश्न येतोच. अजाइल म्हणजे सगळं आधी न ठरवता छोट्या छोट्या टप्प्यांत काम पुढे नेणं. सॉफ्टवेअरमध्ये सगळं आधी ठरवता येत नाही, दोन-दोन आठवड्यांनी दिशा बदलते, हे खरं. पण मोठं काम लहान, दाखवता येणाऱ्या तुकड्यांत मोडणं तिथेही आहेच, फक्त त्यांना एपिक आणि स्टोरी म्हणतात. शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच : जवळचं बारीक फोडा, लांबचं ढोबळ ठेवा. जूनच्या बैठकीत मंडळानं परवान्यांचे तुकडे पाडावेत, विसर्जनाचा एकच मोठा चौकोन ठेवावा आणि तो श्रावणात उघडावा. दूरच्या कामाचं बारीक नियोजन बहुतेक वेळा फुकट जातं.

मध्येच कुणी नवं काम काढलं तर?

काढणारच. गणपतीला तीन आठवडे उरलेले असताना एखादा उत्साही सभासद शेजारच्या शहरातला देखावा बघून येतो आणि म्हणतो, ‘यंदा आपलं चित्र हललं पाहिजे.’ सगळे टाळ्या वाजवतात. फोड नसेल तर हे वाक्य हवेत राहतं आणि चौथ्या दिवशी मोटार, वाढीव वीजभार, मोठं स्टेज आणि अग्निशमनाची नवी तपासणी होऊन मंडळाच्या अंगावर कोसळतं. फोड भिंतीवर असेल तर सचिव उठतात आणि ‘देखावा’खाली एक चिठ्ठी, ‘वीज’खाली एक आणि ‘परवानग्या’खाली एक अशा तीन रिकाम्या चिठ्ठ्या चिकटवतात. मग त्या सभासदाकडेच पेन देतात, प्रत्येक चिठ्ठीवर नाव आणि रक्कम लिहायला.